काचेपलीकडचा कंदील

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याचं माप मी अजून डोळ्यासमोर धरून बघते, भाजीवालीने स्वतःहून जास्तीची जुडी दिली तर ती आधी उलटीपालटी करते, आणि सुना अचानक गोड बोलायला लागल्या की मला झोप येत नाही. मुलं म्हणतात, आई, तू पोलिसात जायला हवं होतंस. त्यांना याचं हसू येतं. मला येत नाही, कारण या स्वभावापायी एकदा मी स्वतःसकट आमची अख्खी वस्ती उडवून दिली असती.

लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं आणि बहात्तरचा दुष्काळ पडला होता. आमची वस्ती पाथर्डीच्या पूर्वेला, गावापासून सुटी, माळाच्या कडेला. घरात आम्ही चौघं. सासूबाई, सासरे, माझे मालक आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, सासऱ्यांना मामा. बैल आधीच विकले होते, दावणीला एक म्हैस तेवढी उरली होती.

मामा नेव्हीत होते. आमच्याकडची माणसं पलटणीत जायची, पोलिसात जायची, फार तर एसटीत जायची. ज्या भागात ओढ्याला चार महिनेसुद्धा पाणी टिकत नाही तिथला माणूस लढाऊ बोटीवर कसा गेला, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. त्यामुळे लोक आपापल्या मनाने ठरवत. कोणी म्हणे घरातून पळून गेला, कोणी म्हणे मारामारी करून गेला. वीस वर्षं बोटीवरच्या भांडारात नोकरी करून ते परत आले तेव्हा त्यांच्याकडे एक लोखंडी ट्रंक होती आणि गोणपाटात गुंडाळलेला एक कंदील.

तो कंदील आपल्या कंदिलासारखा नव्हता. पितळेचा, डेऱ्याएवढा, डोक्यावर जाड कडी. आणि त्याला काच नव्हती. काचेच्या जागी पिवळट, धुरकट, कागदासारखी पातळ तावदानं होती. मुंबईत जुन्या बोटी मोडतात तिथल्या भंगारातून त्यांनी तो घेतला होता. शिडाच्या काळातल्या लढाऊ गलबतावरचा आहे असं त्यांचं म्हणणं.

"ही काच न्हाई. शिंग हाय," मामा म्हणायचे. "शिंग उकळून, चिरून, दाबून पातळ करायचं. तोफेच्या हादऱ्यानं काच तडकती, शिंग तडकत न्हाई."

सासूबाईंनी एकच विचारलं होतं, "कोनत्या जनावराचं?" मामांना ते सांगता आलं नाही. त्या दिवसापासून कंदिलाला घराचा उंबरा बंद झाला. आधी तो ओसरीत होता, मग गोठ्यात गेला. सासूबाई त्याच्याकडे अशा बघायच्या की जणू मामांनी दुसरी बायकोच आणून गोठ्यात ठेवली आहे.

मामा फार बोलणारे नव्हते, पण शिडाच्या गलबतांवर दिवे कसे लावत हा विषय निघाला की थांबायचे नाहीत. ते स्वतः नोकरीत होते तेव्हा बटन दाबलं की लाईट लागत होती. पण शिकाऊ असताना त्यांना तोफखान्याचा एक म्हातारा उस्ताद भेटला होता, त्याने हे सगळं त्यांच्या डोक्यात भरवलं. पूर्ण लाकडाचं गलबत, डांबर फासलेले दोर, कापडाची शिडं, पोटात बारूद आणि वर सातआठशे माणसं. म्हणजे तरंगती कडब्याची गंज. तिथे दिवा लावायचा तो कसा? तर अख्ख्या गलबतावर चूल एक. तिथून ठरलेल्या माणसाने विस्तव घ्यायचा आणि तिन्हीसांजेला एकेक कंदील लावत जायचं. खाली उघडी ज्योत न्यायची नाही, मग तो कप्तान असो. दोन तोफांच्या मध्ये एकेक कंदील टांगलेला. मागच्या अंगाला एवढे मोठे कंदील की पुसायला माणूस आत उभा राहायचा. रात्री आठला घंटा झाली की एक जण फिरून प्रत्येक दिवा विझलेला स्वतः बघणार.

"आन बारुदाची खोली?" ते स्वतःच विचारायचे, आणि स्वतःच सांगायचे. "तिथं दिवाच न्यायचा न्हाई. शेजारी येगळी दिवाखोली. मधी जाड काच. दिवा लावनारा पलीकडच्या वाटंनं जानार, कंदील लावनार, उजेड काचेतनं इकडं येनार. बारुदाच्या खोलीत जानाऱ्यानं पायातलं काढायचं, कमरेचं लोखंड काढायचं. आन त्या खोलीच्या दाराला..."

इथे मी उठायची. म्हशीच्या धारेची वेळ व्हायची. दाराला काय, ते मी कधी ऐकलं नाही. सासूबाई तर सुरुवातीलाच उठून जायच्या.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच विहीर तळाला गेली. गावातल्या पाचसहा जणांनी मिळून सुरुंगवाले आणले, आळीपाळीने विहिरी खोल करायला. त्यांचं सामान ठेवायला कोरडी, दगडी, वस्तीपासून लांब अशी जागा हवी होती. आमची कडब्याची खोली साठसत्तर पावलांवर होती. कडबाच नव्हता, म्हणून रिकामी होती. बारुदाचे डबे तिथे आले आणि त्यांची जबाबदारी मामांकडे आली. नेव्हीतला माणूस म्हणून सगळ्यांनी एकमताने दिली, आणि मग लगेच एकमताने त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली.

मामांनी काय केलं, तर त्या खोलीच्या मागच्या भिंतीतले दोन दगड काढले आणि बाहेरून माणूस उभा राहील एवढं कोंडाळं बांधलं. त्याला मागून वेगळं दार. भोकात काच बसवली, एक नाही, दोन, एकापुढे एक. एक पाथर्डीच्या बाजारातून आणली. दुसरी त्यांच्या स्वतःच्या फोटोची. गणवेशातला तो फोटो सासूबाईंनी देव्हाऱ्याशेजारी टांगला होता. मामांनी काच काढून घेतली आणि फोटो तसाच उघडा परत टांगला. काचेच्या कडा त्यांनी माती आणि शेणाने लिंपल्या आणि तो शिंगाचा कंदील कोंडाळ्यात टांगला. आत पत्र्याच्या ताटलीत बोटभर पाणी, त्या पाण्यात मेणबत्ती.

दिवसभर ते विहिरीवर असायचे. संध्याकाळी त्या खोलीत बसून दुसऱ्या दिवसासाठी कागदाच्या नळ्यांत बारूद भरायचे. खोलीला खिडकी नव्हती, तेव्हा उजेड काचेतून. खोलीची किल्ली आमच्या घरात खुंटीला असायची आणि काडेपेटी मागच्या कोंडाळ्यात. या दोन वस्तू एका वेळी एका माणसाजवळ नसल्या पाहिजेत, असा त्यांचा नियम. कंदील लावून, काडेपेटी तिथेच ठेवून, मग घरी येऊन किल्ली न्यायची. रोज दोन फेऱ्या.

आता दुष्काळात माणूस अशा फेऱ्या घालायला लागला, खोलीला कुलूप लावायला लागला, भिंतीआडून दिवा दाखवायला लागला, तर लोक काय म्हणतील? म्हणाले, आत ज्वारी आहे. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक बाळंतीण होती, माझ्याच वयाची. तिने मला हळूच विचारलं, "खरंच पोती हायेत का गं?" मी नाही म्हटलं. पण म्हणताना माझ्याच मनात पाल चुकचुकली. मी त्या खोलीत कुठे गेले होते?

आणि मग पाणी जायला लागलं.

पाणी मी आणत होते. ओढ्याच्या वाळूत खड्डा करून झरा धरायचा, वाटी वाटीने हंडा भरायचा. सकाळी दोन खेपा, दुपारी एक. हंडा घरात येऊन रांजणात ओतेपर्यंत मानेचा काटा ढिला व्हायचा. सासूबाईंनी रांजणाच्या आतल्या अंगाला कोळशाने रेघ मारली होती. सकाळची रेघ, संध्याकाळची रेघ. संध्याकाळची रेघ त्यांच्या हिशोबापेक्षा रोज एक कळशी खाली जायला लागली.

"कुटंतरी पानी मुरतंय," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नुसतं माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "त्या बाळंतिनीला नेऊन देतीस का?"

मी नाही म्हटलं. आणि आज इतक्या वर्षांनी कबूल करते, दोनदा तांब्याभर दिलं होतं. बाळाचं तोंड सुकलेलं बघवत नव्हतं. पण तांब्या म्हणजे कळशी नव्हे. त्या दोन तांब्यांमुळे माझा नकार मलाच खोटा वाटायचा आणि सासूबाईंना तो माझ्या तोंडावर दिसायचा. ह्यांना सांगावं तर ते विहिरीतून मातीने माखून यायचे आणि जेवता जेवता झोपायचे.

मग मी माझा हिशोब मांडला. कळशी कोणत्या वेळी जाते? दिवेलागणीला. त्या वेळी मी कुठे? म्हशीखाली. सासूबाई कुठे? देवापुढे. हे कुठे? विहिरीवर. उरलं कोण? एकदा मी धार अर्धी टाकून आले तर मामा रिकामी कळशी घेऊन कडब्याच्या खोलीकडून येताना दिसले. मला बघून त्यांनी कळशी उगाच दुसऱ्या हातात घेतली. दुसऱ्या हातात घेतली तरी ती कळशीच होती.

एवढं पुरे झालं. मी मनाशी ठरवूनच टाकलं की आत पिंप आहे. बोटीवरचा माणूस, गोड्या पाण्याचा साठा करायची सवय. आम्ही वाळूत वाटी खरवडतोय आणि मामा स्वतःपुरतं पाणी साठवून बसलेत. कदाचित रोज अंघोळ करत असतील. मी पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. त्या विचाराने मला रडू आलं, आणि मग रडण्यापेक्षा राग जास्त आला. पण सासूबाईंना सांगायचं कसं? सून सासऱ्यावर चोरीचा आळ घेते म्हटल्यावर पुरावा हवा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळची रेघ दोन कळश्यांनी खाली गेली. सणाचा दिवस, म्हणून मी एक खेप जास्त केली होती. सासूबाई रांजणात वाकून बघत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊबीजेला तुझा भाऊ यील. त्याच्यासंगं जा. माझ्या घरात पान्याची चोरी नगं. परत यायचं का न्हाई ते मी कळवीन."

माहेरी आई नव्हती, भावजयीचं राज्य होतं. दुष्काळात परत आलेली नणंद म्हणजे खाणारं एक तोंड. शिवाय पाणी चोरणारी म्हणून धाडलेली. त्या वर्षी यापेक्षा वाईट नाव बाईला मिळू शकत नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे एकही जागा अंधारी ठेवत नाहीत. घरात, गोठ्यात, चुलीपाशी, विहिरीच्या कठड्यावर पणती. उकिरड्यावरसुद्धा. तेल पळीभरच होतं, तरी सासूबाईंनी सगळ्या पणत्या भिजवल्या होत्या. सकाळीच त्यांचा आणि मामांचा वाद झाला होता.

"उकिरड्याला दिवा दावतो आपन, आन ती खोली अंधारात?" सासूबाई म्हणाल्या होत्या.

"अंधारात कुटं? कंदील लावतो की. उजेड जातो आत."

"काचंपलीकडचा दिवा लक्ष्मीला कसा दिसंल? आन तोबी शिंगाचा."

"त्या खोलीत पनती जानार न्हाई," मामा म्हणाले होते. ते असं ठाम कधी बोलत नसत.

तिन्हीसांज झाली. मामा मागच्या बाजूने कोंडाळ्यात गेलेले मी पाहिले. सासूबाई पूजेला बसल्या. मी पणत्यांचं ताट घेतलं, एक गोठ्यात ठेवली, एक उकिरड्यावर ठेवली आणि ताटात एक उरली. खुंटीवरची किल्ली मी काढून घेतली. कोणी अडवलं तर सांगणार होते की खोलीला दिवा दाखवायला आले. आणि ते काही खोटं नव्हतं. सासूबाईंच्या मनातलं काम करायचं, पाण्याचं पिंप बघायचं, आणि बोलावून सगळ्यांना दाखवायचं. एका पणतीत तीन कामं.

आणि बारूद? लोक विचारतात, तुला कळत नव्हतं का आत बारूद आहे? कळत होतं. पण मला खात्री होती की बारुदाचा नुसता बहाणा आहे. असेल एखादा डबा कोपऱ्यात झाकून. मी कुठे डब्यात पणती घालणार होते?

कुलूप काढलं. पणतीवर तळहात धरला, खांद्याने दार ढकललं आणि पाऊल आत टाकलं.

काहीतरी गार, जड, केसाळ माझ्या तोंडावर आणि हातावर आपटलं. पणती चर्र करून विझली. वाटलं, आत जनावर आहे. हाताने चाचपलं तर घोंगडी होती. दाराच्या आत चौकटीला वरपासून खालपर्यंत टांगलेली, आणि ओलीचिंब. पाणी निथळून माझ्या पायावर पडत होतं. माझ्या डोक्यावरून वाहून आणलेलं ते पाणी.

घोंगडी बाजूला करून मी आत पाहिलं. समोरच्या भिंतीतून पिवळा उजेड येत होता, सायीसारखा मऊ. त्या उजेडात डबेच डबे. झाकलेले, एकावर एक. कोपऱ्यात गोणपाट, त्यावर भरलेल्या आणि रिकाम्या कागदी नळ्या. शेणाने सारवलेली जमीन, आणि तिच्यावर जिथे झाडू पोचला नव्हता तिथे काळी भुकटी. ती उंबऱ्याच्या आत माझ्या पायापासून दोन हातांवर होती. ज्वारी नव्हती. पिंप नव्हतं.

आणि काचेपलीकडे मामांचा चेहरा होता. ती त्यांच्याच फोटोची काच. इतके दिवस तिच्याआड टोपीतला तरणा गडी बघितला होता, आता म्हातारा दिसत होता. ते हलत नव्हते. माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते.

कंदील विझवून ते वळसा घालून आले. मी बाहेर दगडावर बसले होते. ते शेजारी उभे राहिले.

"इझली?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"घोंगडीच्या कडंनं उजेड दिसला मला. वरडलो न्हाई. वरडलो असतो तर तू दचकली असतीस, पनती पडली असती." मग त्यांनी दाराकडे बोट केलं. "गलबतावरबी दाराला असंच ओलं कांबळं असायचं. मी सांगत हुतो, पन तू धारेला उठायचीस."

"पानी तुमी घेत हुता."

"रोज एक कळशी. आज दोन घेतल्या. उद्या सुट्टी, आज भरायचं काम नव्हतं. पन लक्ष्मीपूजन हाय. म्हनलं, आज कुनीतरी पनती घिऊन येनार. कोन ते ठाऊक नव्हतं."

म्हणजे मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि ते आम्हा सगळ्यांवर. फरक इतकाच की त्यांचा खरा निघाला. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "पायातलं तर काढून आली असतीस."

रात्री जेवताना त्यांनी सासूबाईंना सरळ सांगितलं, "पानी मी घेतो. सूनबाईचा दोष न्हाई."

"कशाला घेता?"

"खोलीला लागतं."

"दगडाच्या खोलीला पानी?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "सुनंला पाठीशी घालताय. आजवर माझ्यासाठी कधी खोटं बोलला न्हाईत."

मामांनी ताटावर मान घातली. घोंगडी भिजवतो म्हणाले असते तर सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून रांजणाला कुलूप लावलं असतं. आणि मी तर बोलूच शकत नव्हते. बोलले तर पणती निघणार. पाणी चोरणारी सून एक वेळ परत आणतील, बारुदात दिवा नेणारी कोण आणील?

माझी विझलेली पणती मी गोठ्यात गवाणीखाली लपवली होती. पाडव्याला रात्री सासूबाईंच्या अंथरुणाशेजारच्या कोनाड्यात मला एक पणती दिसली. वात ओली, तेलावर पाण्याचे थेंब. म्हटलं, सापडली. सासूबाईंना पुरावा सापडला, आता भाऊबीजेला माझ्या भावासमोर काढणार. जाऊन गवाणीखाली बघायचंही धाडस झालं नाही. आणि त्यांचं वागणंही बदललं होतं. त्या मामांना घराबाहेर पडू देत नव्हत्या. भाऊबीजेच्या सकाळी ते विहिरीकडे निघाले तर "आज नगं" म्हणून वाटेत उभ्या राहिल्या. मला वाटलं, माझ्या निकालाला साक्षीदार हवा म्हणून थांबवताहेत.

भाऊ दुपारी आला. मी ओवाळलं, त्याला भाकरी वाढली. सासूबाई त्याला म्हणाल्या, "सकाळच्या गाडीनं घिऊन जा हिला." तो माझ्याकडे बघायला लागला. मी पिशवी भरून ठेवली होती.

दिवेलागणीला सासूबाई रांजणाला पाठ लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी सुरुंगवाले येणार होते, तेव्हा मामांना नळ्या भरणं भाग होतं. ते कळशीपाशी आले, सासूबाईंकडे बघितलं, आणि कळशी न घेताच बाहेर पडले. ते तसेच कंदील लावणार होते, तसेच कोरड्या घोंगडीतून आत जाणार होते. मला ते दिसलं आणि मला राहवलं नाही. मी कळशी घेतली, सासूबाईंच्या खांद्यावरून वाकले आणि रांजणात बुडवली.

"ठेव," त्या म्हणाल्या.

मी ठेवली नाही. भरली, काखेत घेतली, खुंटीवरची किल्ली घेतली आणि चालायला लागले. त्या मागून आल्या. त्यांच्या मागून माझा भाऊ. मी चपला काढल्या, दार उघडलं आणि अख्खी कळशी घोंगडीवर ओतली, वरून खाली. सासूबाईंच्या तोंडून आवाज निघाला, कोणी मारल्यासारखा.

"पानी हितं जातं, आत्याबाई," मी म्हणाले. "ही वली नसती तर आपुन कुनी उरलो नसतो. लक्ष्मीपूजनाला मी पनती घिऊन आत आल्ते. हिनं इझवली."

आता घालवा, असं मी मनात म्हणाले. सासूबाईंनी हात पुढे करून घोंगडीला लावला, मग काढला, मग परत लावला. काचेतून उजेड यायला लागला होता, मामांनी पलीकडे कंदील लावला होता.

"वलं काय लागलं ते मी वळूनसुदिक बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"पाडव्याला मी गेल्ते. ह्यांना ओवाळायच्या आदी. म्हनलं, लक्ष्मीला येक खोली अंधारी नगं." त्यांचा आवाज बारीक झाला. "पनती इझली. पाडव्याच्या दिवशी, माझ्या हातातली. मला वाटलं, ह्यांचं काय खरं न्हाई आता. रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या."

कोनाड्यातली पणती त्यांची स्वतःची होती. त्यांनी ती टाकून दिली नव्हती, कारण टाकायचीही भीती वाटत होती. मी आदल्या रात्रीपासून तिला माझा पुरावा समजून मरत होते आणि त्या तिला अपशकुन समजून. आमच्या दोघींच्या मध्ये एक भिंत होती आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि तशी ती आल्याचं मला नवल वाटलं.

काचेपलीकडून मामा आमच्याकडे बघत होते. पाडव्याला घोंगडीच्या कडेचा उजेड त्यांनी पाहिलाच असणार. त्यांनी मला सासूबाईंचं सांगितलं नव्हतं, सासूबाईंना माझं सांगितलं नव्हतं.

आम्ही घरी आलो. सासूबाई पदर खोचून रांजणापाशी गेल्या, आत वाकल्या आणि ओल्या फडक्याने संध्याकाळची रेघ पुसली. मग चुलीतला कोळसा घेऊन एक कळशी खाली नवी रेघ मारली. रेघ मारायचं काही त्यांनी सोडलं नाही, मरेपर्यंत नाही. माझ्या भावाला त्या म्हणाल्या, "सकाळची भाकर खाऊन जा. हिला कामं हायेत." आणि मला म्हणाल्या, "उद्यापास्नं कळशी तू न्हे. त्येंच्या हातून वाटंनं सांडती."

मी पिशवी रिकामी केली.